दादाच्या ताटातली सर्व्हिस

गल्लीत बातमी फिरली की कॉलेजातल्या खेळाच्या मॅडमनी सख्ख्या नणंदेला दुपारच्या सुट्टीत, घराखालच्या शिंप्याच्या दुकानात, गुपचूप पास करून टाकलं. यातलं शिंप्याचं दुकान तेवढं खरं. पास तिला केलं ते कॉलेजच्या हॉलमध्ये, अख्ख्या वर्गादेखत. आणि गुपचूप म्हणाल, तर ज्या कामात मॅडमच्या सासूबाईंचा हात आहे ते गुपचूप झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मॅडम शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला टेबल टेनिस शिकवतात आणि परीक्षाही त्याच घेतात. बॅटची पकड, पायांची हालचाल, न चुकता टोलवत राहणं, सगळ्याला वेगवेगळे गुण. सर्व्हिसला मात्र त्या भलत्या कडक. टेबलाच्या पलीकडच्या टोकाशी खडूनं चौकोन आखायचे. चेंडू त्यात पडला तर ठीक, नाहीतर शिट्टी. ही शिट्टी त्या परीक्षाभर तोंडातच ठेवतात. पोरांना तो रुबाब वाटतो. खरी गोष्ट अशी की बाईंचा जीव हळवा. तोंड मोकळं राहिलं तर ‘अगं, मनगट सैल सोड’ असं काहीतरी निसटून जाईल, ही त्यांना धास्ती.

यंदा वर्गात नणंद होती. धावायला लागली की वारा मागे पडेल, पण टेबल टेनिसचा नुसता आनंदीआनंद. एका शाळेनं तिला नोकरी देऊ केली होती, पण कोर्स पूर्ण झाला तरच. आणि कोर्स अडला होता नेमका या सर्व्हिसपाशी. मॅडमनी आधीच बजावलं होतं, घरात शिकवणी मिळणार नाही. झालं, मॅडमची पाठ वळली की मायलेकी जेवणाच्या टेबलाला जुंपायच्या. मधे बरण्यांची रांग, ते जाळं. नेम धरायचा दादाच्या ताटाच्या जागेवर. दादा म्हणजे मॅडमचा नवरा, टेबलाच्या टोकाला बसून मुकाट जेवणारा गरीब प्राणी. पुढेपुढे नेम असा काही बसला की तो जेवत असला तरी चेंडू बरोबर ताटात. मॅडमना हे दिसत होतं, पण न पाहिल्यासारखं करणं त्यांना सोयीचं होतं.

परीक्षेच्या दिवशी नणंदेनं झोकात पहिली सर्व्हिस मारली. चेंडू जाळं ओलांडून गेला, पण चौकोनाच्या बराच अलीकडे पडला. शिट्टी. पुढचाही तिथेच. त्याच्या पुढचाही. एकाच ठिपक्यावर पडणाऱ्या त्या चेंडूंकडे बघता बघता मॅडमना तिथे नवऱ्याचं ताट दिसायला लागलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. घरचं टेबल आखूड. पोरीचा नेम अचूक होता, फक्त चुकीच्या टेबलाचा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मॅडमनी शिट्टी दातांखाली आवळून धरली आणि नणंद डोळे पुसत बाजूला झाली.

दुपारी ज्याला हवी त्याला दुसरी संधी, हा मॅडमचा जुना नियम. सुट्टीत दोघी घरी आल्या तर सासूबाई दारातच. पोरीचं कुठे चुकतंय ते सांग, म्हणून त्यांनी सुनेला धरलं. मॅडमनी ताट वाढून घेतलं आणि खिशातली शिट्टी काढून तोंडात घातली. सासूबाईंनी आधी आर्जवं केली, मग टोमणे, मग सुनेच्या माहेराचा उद्धार. प्रत्येक टोमण्याला समोरून एक बारीकशी फुर्र. जेवण निवून गेलं. शेवटी हरून सासूबाई लेकीकडे वळल्या.

“चेंडू पडत होता कुठे?”

“दादाच्या ताटातच गं. रोजच्यासारखा.”

“आणि टेबल त्याच्या पुढेही होतं?”

“होतं ना. चांगलं ऐसपैस.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मॅडमची शिट्टी अशी खणखणीत वाजली की टेबलाच्या टोकाला जेवणाऱ्या दादानं हातातला घास खाली ठेवला.

पुढची वरात थेट शिंप्याच्या दुकानात. त्याचं कापडं बेतायचं टेबल लांबलचक. त्यावर कुणाचा तरी अर्धा कापलेला कोट पसरला होता, तो सासूबाईंनी उचलून शिंप्याच्याच खांद्यावर टाकला. त्याच्याच खडूनं चौकोन आखले, रिळांच्या दोन डब्यांवर मापाची टेप ताणली. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं हात वर करून उभी होती, ती वाकून चेंडू वेचू लागली. शिंपी आधी कुरकुरला. मग एका तुमानीच्या मालकाशी पैज लावून बसला आणि चेंडू चुकला की तोंडानं शिट्टी मारू लागला. खरी शिट्टीवाली जिन्यात उभी होती, हातात ताट घेऊन. बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलेलं, पण कान दुकानात.

सुट्टी संपल्यावर हॉलमध्ये नणंद पुन्हा टेबलापाशी आली. पहिला चेंडू चौकोनात. दुसरा चौकोनात. वर्ग टाळ्या पिटायला लागला. मॅडम निर्विकार बसल्या होत्या, फक्त शिट्टीतून आपोआप हवा सुटत होती, केटल उकळल्यासारखी. अगदी शेवटचा चेंडू तेवढा आखूड पडला, पण तोवर पोर पास होऊन गेली होती. ती धावत आली आणि सगळ्यांसमक्ष मॅडमना “वहिनी” म्हणून मोकळी झाली.

संध्याकाळी जिन्यात शेजारणीनं गाठलंच. एवढी घरचीच पोर होती तर पैकीच्या पैकी तरी द्यायचे होते, म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, “दिले असते हो. शेवटचा चेंडू आमच्या ह्यांच्या ताटात पडला.”