काकांनी आणलेले निरोप

निरोप पोचवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण निरोपाबरोबर तो देणाऱ्या माणसालाच अख्खं उचलून घरी आणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणते. लातुरातली पुष्कळ माणसं त्यांना सर म्हणतात, कारण ज्या काळात तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि प्रत्येक विजेच्या खांबावरून कुणी ना कुणी सर हसत खाली बघत होते, त्या काळात काकांचाही इंग्रजी व्याकरणाचा एक क्लास होता. खांबावर फोटो मात्र नव्हता. पत्र्याची लांबट शेड, दाराशी चपलांचा ढीग आणि आत एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून बसलेली मुलं. डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकावं तर काकांकडेच, असं लोक म्हणत. दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं बसवायचं, त्याच्या ‘मी’चा ‘तो’ कसा करायचा, त्याच्या ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ कसा करायचा, हे त्यांनी तालुक्यातालुक्यांतून आलेल्या मुलांकडून घोटून घेतलं. आणि हाच माणूस स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडून आत आला, की दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगायला साफ नकार देत असे.

मावशीचं ब्लाउज कोपऱ्यावरच्या शिंपीचाचांकडे शिवायला टाकलेलं असायचं. काका चौकशी करून येत. मावशी स्वयंपाकघरातून विचारी, “झालं का?” याचं उत्तर एका शब्दात देण्यासारखं होतं. पण काका आधी चपला काढत, खुंटीवरचा टॉवेल मोजपट्टीसारखा गळ्यात टाकत, ओठांत टाचण्या धरल्यासारखं तोंड आवळत आणि चष्म्यावरून मावशीकडे बघत म्हणत, “भाभी कू बोलो, फिकर नक्को. परसों पक्का.” मग नसलेल्या मशीनचं नसलेलं चाक हातानं एकदा फिरवत, कारण चाचांनी तसं फिरवलेलं असे. मावशी वैतागायची. “अहो, झालं का न्हाई तेवढं सांगा. माझी भाजी करपून राहिली.” त्यावर काका टॉवेल खुंटीला परत लावत शांतपणे म्हणत, “ते मी कसं सांगू? चाचा बोलले ते तुझ्यापुढं ठेवलं. आणि एक ध्यानात घे, ते परसों पक्का ‘म्हणाले’ हायत. वचन दिलेलं न्हाई.”

म्हणणं आणि वचन देणं यांतला हा फरक त्यांच्या क्लासचा कणा होता. ‘सेड’ या क्रियापदावर त्यांचा राग होता. “सेड म्हणजे फोडणी न दिलेलं वरण,” ते म्हणत. “पोट भरतंय, पण कुणाच्या घरचं ते कळत न्हाई.” माणूस नुसता म्हणत नाही; तो कुरकुरतो, कबूल करतो, ठणकावतो, विनवतो, बढाई मारतो, आणि तो नेमकं काय करतो आहे हे ओळखल्याशिवाय फळ्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. अर्धापूरचा, केळीच्या बागायतदाराचा एक मुलगा नेहमी उशिरा येई. एकदा दारातूनच म्हणाला, “सर, बस पंक्चर झाली.” काकांनी त्याला काहीच विचारलं नाही, वर्गाकडे वळून फक्त भुवया उंचावल्या, आणि सगळी शेड एका आवाजात ओरडली, “क्लेम्ड!” दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला, हातात घरच्या केळ्यांची फणी घेऊन, आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, काल मी सिनेमाला गेलो होतो.” “अॅडमिटेड!” पत्रे हादरले. केळी वर्गात वाटली गेली. मीही तेव्हा त्याच क्लासात होते; मागच्या बाकावर बसून माझं केळं खाल्लं. ओरडले मात्र नाही, कारण ओरडणं मला कधीच जमलेलं नाही.

काकांच्या या सवयीची कीर्ती नातेवाइकांत इतकी पसरली, की कुठं नाजूक जागी निरोप न्यायचा असला तर त्यांनाच पाठवत. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसले, तर काका मध्ये उभे राहून एकदा थोरल्याचे होऊन रागवत आणि एकदा धाकट्याचे होऊन रुसत, आणि आपलंच सोंग समोर बघून ते दोघंही शेवटी हसत. एकदाच घोटाळा झाला. शिरूर अनंतपाळच्या आमच्या एका नात्यातल्या मुलीसाठी उदगीरचं स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांचा होकार की नकार, ते विचारायला काका गेले. परत आल्यावर सगळे सतरंजीवर जमले. काका खुर्चीत बसले, पाय पसरले, छताच्या पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा पंख्याकडे, आणि एवढा वेळ गेला की कुणीतरी उठून पाणी आणायला गेलं. तेव्हा कुठं काका म्हणाले, “हाव.” सगळ्यांचे चेहरे पडले. ‘हाव’ म्हणजे हो खरं, पण एवढा वेळ घेऊन काढलेला ‘हाव’ म्हणजे नाहीच की! मुलीकडच्यांनी मानानं माघार घेतली. पुढं एका लग्नात ते उदगीरचे गृहस्थ भेटले आणि दुखावल्या आवाजात विचारू लागले, की आम्ही तर हाव म्हणलं होतं, तुम्ही कामून फिरलात? चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या दिवशी त्यांच्या तोंडात सुपारी होती, म्हणून उत्तराला वेळ लागला होता. काका स्वतः सुपारीला कधी शिवत नसत, त्यामुळे ही शक्यता त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. मुलीला नंतर चांगलं घर मिळालं म्हणून बरं, नाहीतर मावशीच्या माहेरची वाट काकांना बंद झाली असती.

हे सगळं कुठून आलं, ते मला मावशीनं सांगितलं, एका दुपारी ज्वारी निवडता निवडता. भूकंपाच्या आधी काका किल्लारीकडच्या एका गावात शाळामास्तर होते. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला रांगत होते. आमच्याकडं मांडणीतली भांडी वाजली, एवढंच आई सांगते. काकांच्या गावात मात्र दगडमातीच्या भिंती बसल्या. शाळेच्या कामासाठी काका त्या वेळी लातूरला होते, म्हणून वाचले. मग पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आणि बाहेरून, पार परदेशातूनही माणसं येऊ लागली. त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकणारे तिथं काकाच. एक कॅमेरेवाले पाहुणे एका म्हातारीपाशी थांबले. म्हातारी बोलत राहिली. शेळीला आदल्याच दिवशी पिल्लं झाली होती ते, सुनेनं गणपतीपुढं कोणतं लुगडं नेसावं यावरून केलेली कटकट, त्याच सुनेनं मग भिजत घातलेली डाळ, घराच्या कोपऱ्यातलं उखळ, जे आता कुठल्या ढिगाखाली आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं. सून तर गेलीच होती. बोलून झाल्यावर पाहुण्यांनी काकांकडे पाहिलं, आणि काका म्हणाले, “शी सेज शी हॅज लॉस्ट एव्हरीथिंग.” पाहुण्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या शेडकडे वळले. म्हातारी काकांना म्हणाली, “मास्तर, म्या एवढं बोलले, अन् तुमचं एवढ्यातच सपलं? इंग्रजीत जागा लई कमी हाय का वो?”

“रागानं न्हाई मनली,” मावशीनं ज्वारीतला खडा टाकत सांगितलं. “खरंच विचारलं तिनं. पण तवापासून हे असं सुरू झालं बघ. आता ब्लाउजचा निरोपसुद्धा गाळत न्हाईत.”

मी अकरावी-बारावीला मावशीकडं राहायला आले होते. नांदेडला माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी बरं होतं. प्रश्न फक्त बोलण्याचा होता. जेवायला काका समोर बसलेले असत आणि मी हळूच म्हणे, “मावशी, काकांना विचार ना, मीठ पाहिजे का.” काका मीठ घेत आणि मावशीला सांगत, “आपल्याकडं परदेशी पाहुणी आलीय. तिला दुभाष्या लागतो.” मी हसे, आणि पुढच्या जेवणालाही तसंच करी.

बारावीच्या दिवाळीआधी मात्र माझ्याकडे एक असा निरोप साठला, जो मावशीलाही देता येईना. बाबांचं नांदेडला औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या वर एक खोली आहे, रस्त्याकडे खिडकी असलेली. कुणी भाडेकरू विचारायला आला की बाबा म्हणत, “तिथं आमच्या डॉक्टरीणबाई बसणार हायत.” मी सातवीत असल्यापासून ती खोली रिकामी होती. त्यांनी तिला पांढरा रंगसुद्धा देऊन घेतला होता. आणि मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. इंग्रजी घेऊन साधं बीए करायचं होतं. हे मला स्वतःला स्पष्ट कळत होतं आणि बाबांना सांगायचा विचार जरी आला तरी मी पुस्तकात डोकं घालत होते. शेवटी काका गच्चीवर एकटे बसलेले बघून मी वर गेले, आणि पहिल्यांदाच दुभाष्याशिवाय त्यांच्याशी बोलले. “काका, तुम्ही बाबांना सांगा ना.”

“सांगतो की. काय सांगू?”

“तेच, की मला मेडिकल नको.”

“असं न्हाई जमत. मी तुझा बाप हाय असं समज, अन् बोल.”

मी बोलले. वाळत घातलेल्या पापडांच्या पलीकडे बसून, ओढणीचं टोक पिळत, मध्ये थांबत, मध्ये रडत, एकदा खाली जाऊन पाणी पिऊन येत. काका एकदाही ‘पुढं?’ म्हणाले नाहीत. शेवटचं वाक्य बोलून झालं तेव्हा पापडांवरचं ऊन गेलं होतं. काका उठले, पापड गोळा केले आणि म्हणाले, “दिवाळीला जाऊ सोबत.”

नांदेडला पोचलो. फराळ झाला. मी आईच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. काका बाबांसमोरच्या खुर्चीत बसले, खिशातला रुमाल काढून त्याचं टोक पिळू लागले आणि मान खाली घालून, माझ्यासारख्याच पुसट आवाजात म्हणाले, “बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय.” आणि थांबले.

बाबा हसले. “काय नाटक लावलंय, साडूभाऊ?”

काका हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. टक्कल पडलेला, मिशा पांढऱ्या झालेला तो माणूस माझ्या जागी अडखळत होता, माझ्या जागी नाक ओढत होता, आणि मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. आईनं तोंडाला पदर लावला होता. बाबांचं हसणं हळूहळू ओसरलं. मी रडले होते तिथं काका गप्प झाले आणि मी रडले होते तेवढा वेळ गप्प राहिले. मग उठून माठातलं पाणी पिऊन आले. बाबांनी चिवड्याची ताटली बाजूला सारली. आता फक्त शेवटचं वाक्य उरलं होतं.

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. पंख्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं.

“पुढं काय?” बाबांनी विचारलं.

काका बोलेनात. शिंप्याच्या मशीनचं चाकसुद्धा न विसरणारे काका! मला वाटलं, आता सगळं बुडालं. आई माझ्याकडे बघत होती. बाबा काकांकडे बघत होते. आणि मग दारातून कुणाचा तरी आवाज आला, तो माझाच होता.

“बाबा, ती वरची खोली भाड्यानं देऊन टाका.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “एवढं सांगायला लातूरहून माणूस आणावा लागला व्हय गं?”

हे रागावणं होतं, की दुखावणं, की आणखी काही, याचं क्रियापद मला अजूनही सापडलेलं नाही. त्या दिवशी ते हो म्हणाले नाहीत. दिवाळीभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. पण उन्हाळ्यात परीक्षा संपवून मी घरी आले तेव्हा वरच्या खोलीच्या खिडकीखाली एक पाटी लागली होती आणि जिन्यात चपलांचा ढीग होता. खोली बाबांनी एका क्लासला दिली होती.

आता मी नांदेडलाच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. काकांची शेड पडली. तिथं काचेची उंच इमारत आहे आणि आतली मुलं दिवसभर उत्तरपत्रिकेतले गोल काळे करतात. त्यांना कुणी कुरकुरलं की विनवलं, याच्याशी कर्तव्य नाही. निरोपही कुणी काकांकडे देत नाही. शिंपीचाचा गेले, त्यांचा मुलगा मावशीच्या मोबाइलवर ‘झालं’ एवढंच लिहून पाठवतो. काका तो मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून ते ‘झालं’ पुन्हा पुन्हा वाचतात आणि मावशीला विचारतात, “हे कसं मनलाय तो?” मावशी म्हणते, “कसं मनलाय म्हंजे? झालं, मनलाय.” काका मोबाइल उलटा ठेवून देतात.

परवा लातूरला गेले होते. दुपारी मी आणि काका गच्चीवर बसलो होतो. पापड आता विकत आणतात, त्यामुळे गच्ची रिकामीच होती. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. “काका, त्या दिवशी बाबांसमोर तुम्ही शेवटचं वाक्य विसरला होता का?”

काकांनी समोरच्या काचेच्या इमारतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा इमारतीकडे. एवढा वेळ गेला की मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

“न्हाई गं,” ते म्हणाले. “तोंडात सुपारी होती.”