पुण्याचं औषध, माकणीचं ताट

माकणीतून निघालो तेव्हा जीप माझ्या दारात उभी होती आणि माझा धाकटा भाऊ नामदेव शेळ्यांच्या गोठ्यापाशी उभा होता. निरोप द्यायला आलेला माणूस भावाकडं बघतो का शेळ्यांकडं? वर म्हणाला, "दादा, शेळ्यांची काळजी करू नका." मी शेळ्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तेव्हाच मनात म्हटलं, यानं मला आत्ताच पोचवलं.

माझ्या छातीत गाठ निघाली होती. आधी तालुक्याला टीबी समजून गोळ्या दिल्या, त्या खाऊन मी वाळत गेलो. मग सोलापूरला फोटो काढला आणि डॉक्टर माझ्याशी न बोलता बालाजीशी इंग्रजीत बोलायला लागला. बालाजी माझा मुलगा, पुण्यात कंपनीत आहे. डॉक्टर इंग्रजीत शिरला की रोग मोठा, हे मला कुणी शिकवायला नको. बालाजी म्हणाला, "आबा, पुण्यात एका दवाखान्यात नवीन औषधाचं संशोधन चाललंय. तिथं जाऊ." त्याची आई आधीच ट्रंक भरून बसली होती. इस्माईलभाई, तुम्ही जीपपर्यंत आला, दार लावलंत आणि एवढंच म्हणालात, "लवकर या मियाँ, मला एकट्याला बिडी ओढायला गोड लागत न्हाय."

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं, पण जे लिहिलंय ते माझं आहे. बालाजी हे टाईप करून गावाच्या ग्रुपवर टाकणार आहे. त्यानं मधेच आपलं काही घुसडलं तर ओळखून घ्या, त्याला शेळ्यातलं काही कळत नाही. गाव सोडून लातूर, पुणे, दुबईला गेलेले आपले लोकही त्या ग्रुपवर आहेत, त्यांनीही वाचावं.

पुण्यात बालाजीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. खाली बघितलं तर माणसं दिसतात पण कोण कुणाचं ते कळत नाही. माकणीत तेरणेच्या धरणाकडून येणारा माणूस चालीवरून ओळखू यायचा. इथं लिफ्टमध्ये रोज एकच बाई भेटते आणि रोज विचारते, "कितवा मजला?" मला वाटायचं ही चौकशी कशाला करते. नंतर कळलं, बटन दाबायला.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं की हे औषध फुकट. भूकंपानंतर आपल्याकडं फुकट वाटणाऱ्या गाड्या आल्या होत्या, आठवतंय ना. आमचे वडील ब्लँकेट घ्यायच्या आधी त्या माणसाला विचारायचे, "तू देतोयस ते खरं, पण तुला यातून काय मिळणार?" मी तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई बालाजीपेक्षा लहान. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, आम्हाला तुमच्याकडून माहिती मिळणार. औषध चाललं तरी मिळणार, नाही चाललं तरी मिळणार."

म्हणजे मी मेलो तरी यांचं काम होणार. हे तोंडावर सांगितलं बाईंनी.

मग कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणाल्या, "आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं कुणी आत शिरलं की त्या त्याला मारतात. पण तुमची गाठ लबाड आहे. राखणदार जवळ आला की ती त्याला खूण दाखवते, मी घरचीच आहे. तो सोडून देतो. आमचं औषध ती खूण चालू देत नाही."

बालाजी मान हलवत होता, त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही. मला मात्र चटकन कळलं. शेळीचं करडू मेलं आणि दुसरीकडं एखादं करडू पोरकं असलं की आपण काय करतो? मेलेल्याची वार, व्यायल्यावर पडते ती, पोरक्याच्या अंगाला चोळतो. शेळी हुंगते, तिला वाटतं आपलंच, आणि पाजते. मी म्हणालो, "बाई, माझ्या छातीत वार चोळलेलं करडू बसलंय, असंच ना?" बाईंनी बालाजीकडं बघितलं. मी वार म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा हसल्या, म्हणाल्या, "असंच."

"मग एक सांगा. शेळीला एकदा का कळलं की आपल्याला फसवलंय, तर येखादी शेळी अशी बिथरते की पोटच्या करडालाबी शिंगावर घेते. तुमचे राखणदार तसं करनार न्हाईत कशावरून?"

बाईंनी पेन खाली ठेवला. "करतात. सगळ्यांना नाही, पण काहींच्या आतड्यावर, कातडीवर, कुठंही उलटतात. म्हणून तर सांगते, साधी खाज सुटली तरी आम्हाला फोन करायचा."

बाजारात दुकानदार आपल्याच मालाची खोड सांगायला लागला की मी दुसरी खोड शोधतो. शोधली, सापडली. अर्ध्या लोकांना नेहमीच्या औषधाबरोबर हे नवीन औषध देणार, अर्ध्यांना नवीन औषधाच्या जागी नुसतं सलाईन. कुणाला काय, ते कंप्युटर ठरवणार. मी विचारलं, "मला काय देताय?" बाई म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." देणाऱ्यालाच माहीत नाही काय देतोय. इस्माईलभाई, असा व्यवहार आपण कधी बघितला होता का?

तरी सही केली. दुसरं काय होतं? पण आधी सगळे कागद बालाजीकडून मोठ्यानं वाचून घेतले, तो घड्याळ बघत राहिला.

सुई लावायला आलेली नर्स आपल्या भूमची निघाली. मी तिला भूमच्या बाजाराचा वार विचारला, बरोबर सांगितला तेव्हा हात पुढं केला. पिशवीतलं औषध पाण्यासारखं नितळ. "पाणीच हाय की हे," मी म्हणालो. ती म्हणाली, "व्हय आजोबा, तेरणेचं आणलंय तुमच्यासाठी, गप पडा." पुण्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो असेन.

दर खेपेला रक्त काढायचे. छातीतला एक तुकडाही काढून नेला. मी विचारायचो, कुठं नेता? तर म्हणे फ्रीजमध्ये ठेवून त्यावर अभ्यास करतात. माझा एक तुकडा पुण्यात कुठल्या तरी फ्रीजमध्ये आहे आणि तो कोण उलटापालटा करून बघतंय मला माहीत नाही. अजूनही हे मला पटत नाही.

काही महिने असे गेले. एक दिवस मला जुलाब सुरू झाले.

आता नीट ऐका. शेळीला जंताचं औषध पाजल्यावर ती ढाळली की आपण काय म्हणतो? औषध लागू पडलं. मग तिला छेडायचं नाही, पाणी कमी दाखवायचं, मळ पडू द्यायचा. साठ वर्षं हेच केलं आणि शेळ्या तगल्या. मला जुलाब झाले आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मनात म्हटलं, मला पाणी दिलेलं नाही. मला खरं औषध मिळालंय आणि छातीतली घाण निघायला लागलीय. कुणालाही बोललो नाही. बाईंना सांगितलं तर औषध बंद करतील हा संशय होताच. पाणी कमी पीत राहिलो, तेही शेळीसारखंच.

रक्त पडायला लागलं तेव्हा बालाजीच्या आईनं कपड्यावर बघितलं. "अवो, किती दिस चाललंय हे?" मी म्हणालो, "औषध काम करतंय." ती म्हणाली, "औषध काम करतंय का तुमाला खातंय?" आणि तिनं मला न विचारता बालाजीला कामावर फोन लावला. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं मला न विचारता काही केल्याचं ते पहिलं.

दवाखान्यात उचलूनच न्यावं लागलं. जिवावर बेतलं म्हणून कंप्युटरमधलं उघडून बघितलं. मला खरंच नवीन औषध मिळत होतं. बाई खाटेशी आल्या, चेहरा लाल. म्हणाल्या, "तुमचा अंदाज बरोबर निघाला, आजोबा. पण आणखी थोडं गप्प बसला असता तर बरोबर निघाला हे ऐकायला उरला नसता." राखणदार आतड्यावर उलटले होते. मग त्यांना गप्प करायचं दुसरं औषध, सलाईन, आणि मिठाशिवायची पेज.

मी बाईंना म्हणालो, "हे उलटनार ते म्याच आधी विचारलं होतं." त्या म्हणाल्या, "हो, आणि मी उत्तर दिलं होतं."

नवीन औषध कायमचं बंद झालं. मला वाटलं आता गाठ पुन्हा डोकं काढणार. पण स्कॅन केला तर गाठ बोराएवढी उरलेली, आणि पुढच्या स्कॅनलाही तेवढीच. बाई म्हणाल्या, "राखणदारांना एकदा ओळख पटली की काहींच्यात ती टिकते. तुमच्यात किती टिकेल ते माहीत नाही." पुन्हा माहीत नाही. पण या वेळी मला त्या माहीत नाहीचा राग आला नाही. गावाला जाऊन या म्हणाल्या, फक्त तपासणीची तारीख चुकवायची नाही.

म्हणून गेल्या महिन्यात माकणीला आलो. तुम्ही सगळे भेटलात. शेळ्या चांगल्या राखल्यात, नामदेव, ते मी तोंडावर बोललो नाही, इथं लिहितो. पण तुझ्या घरी सगळ्यांना कपात चहा आणि मला कागदी पेल्यात. भावजय म्हणाली, "कप कमी पडले." फळीवर कप दिसत होते. दुपारी माझं ताट बाहेर ओट्यावर मांडलं, वारा लागतो म्हणून. जेवल्यावर ते ताट राख लावून वेगळं घासून वेगळं पालथं घातलं.

मी म्हणालो, "नामदेव, हा रोग लागत न्हाय. डॉक्टरीणबाईनं मला समजावून सांगितलंय."

नामदेव खाली बघत म्हणाला, "दादा, तुमीच तर म्हणायचात, दवाखानेवाल्यांचं काय खरं. आता त्यांच्याच बोलीवर माझी नातवंडं तुमच्या ताटाला बसवू?"

मी त्याला राखणदार सांगितले, वार चोळलेलं करडू सांगितलं. गाठ माझ्याच मांसाची असते, ती उडून दुसऱ्याच्या अंगात जात नाही, गेली तरी त्याचे राखणदार परकी म्हणून मारतील, हेही सांगितलं. त्या बाईची बाजू घेऊन मी पहिल्यांदा बोलत होतो. नामदेव ऐकत होता, पण मी सोलापूरच्या डॉक्टरकडं बघायचो तसा माझ्याकडं बघत होता.

इस्माईलभाई, तुम्ही तेवढ्यात आला, माझ्या हातातला कागदी पेला घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "लागनारं असतं तर एका बिडीवर दोघं ओढत होतो तवाच लागलं असतं," म्हणालात. सगळे हसले. भावजय हसली नाही. तिचा मला राग नाही. तिच्या घरात लहान पोरं आहेत आणि तिला कुणी चित्र काढून दाखवलेलं नाही.

आता मी पुन्हा पुण्यात आहे. लिफ्टमधली बाई परवा घरी आली, आमच्याच कपात चहा पिऊन गेली. तिला माझा रोग माहीत नाही. बालाजी म्हणतो, "बघा आबा, इथं कुणी भेद करत नाही." मी म्हणालो, इथं कुणाला मी माहीत नाही, म्हणून करत नाही.

पुढच्या तपासणीनंतर मी माकणीला राहायला येणार आहे. बालाजीची आई येणार. बालाजीला पटलेलं नाही, न पटू दे. तारखेला पुण्याला जाईन आणि परत येईन. नामदेव, माझं ताट वेगळं ठेवायचं असेल तर ठेव, पण आत, सगळ्यांच्या ओळीत. ओट्यावर मांडलं तर मी त्याला हात लावणार नाही. आत येऊन तुमच्या मधोमध उपाशी बसेन आणि तुमची जेवणं होईपर्यंत उठणार नाही. पुण्यात मला असं बसता येत नाही. इथं बालाजीची आई सोडली तर मी जेवलो नाही हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तुझ्या घरात मात्र माझ्यासमोर एकालाही घास गिळवणार नाही, हे मला माहीत आहे.