चुन्याचे पाणी

गाळात हात घालून मासा धरावा तो इस्तारी ढिवरानेच, असे आरमोरीकडच्या त्याच्या गावात म्हणत. चौऱ्याऐंशी साली तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाने घेतला आणि इस्तारी एका लाकूड डेपोत मजुरीला लागला. फळ्यांना कीड लागू नये म्हणून त्या तिथे एका पिवळ्या औषधाच्या हौदात बुडवत. बाकीचे आकड्याने फळी ओढत. इस्तारी काखेपर्यंत हात घालून तळची फळी चाचपून वर काढी.

"हात हायेत का जाळं रे!" मुकादम खूश होई.

हात पिवळे पडले; पुढे डोळेही. अन्न नकोसे झाले.

"त्या हौदात हात नोका घालू जी," त्याची बायको गोकुळा म्हणाली.

"औषध हाय ते. औषधानं कोनी मरते काय?"

ब्रह्मपुरीच्या एका डॉक्टराने पोट चाचपले, यकृत सुजल्याचे सांगितले आणि विचारले, "दारू किती पितोस?" इस्तारीने जन्मात थेंब घेतला नव्हता. तो जो उठला, तो पुन्हा डॉक्टराकडे गेला नाही.

मग गोकुळानेच त्याला देवरावकडे नेले. देवराव कावीळ उतरवी. रोग्याच्या हातांवर चुन्याचे पाणी चोळायचे. ते पिवळे झाले, की कावीळ उतरली. इस्तारीच्या हातांखालची परात हळद कालवल्यासारखी झाली.

"बापा! एवढी कावीळ तं म्या कोनाचीच नाई काढली!"

"उतरली ना, भाऊ?"

"सारी. खुशाल कामावर धाड."

गोकुळाने स्वतःच्या हाताने शिदोरी बांधून दिली. इस्तारी पुन्हा हौदाशी उभा राहिला. दिवाळीच्या आत त्याचे पोट पाण्याने फुगले, शुद्ध हरपली आणि तो गेला.

तेरवीनंतर तिने त्याचा कामाचा सदरा परातीत भिजवला. पाणी पिवळे झाले, अगदी तसेच. मग परात उचलून तिने थेट देवरावचे अंगण गाठले.

"भाऊ, या सदऱ्याले कावीळ झाली. उतरवून द्या."

देवरावने परातीत पाहिले आणि मान फिरवली. ओसरीवर डेपोतले दोन मजूर पिवळे हात पुढे करून बसले होते. त्यांतला एक वाकला, परातीतले पाणी न्याहाळून हळहळला,

"इस्तारीभाऊची कावीळ लयच जबर होती, बाई. कपड्यातबी उतरली."

आणि त्याने देवरावपुढे आपले हात धरले.