आकारामच्या मुंग्या

गुळाचा पाक बघावा तो आकारामनंच, असं पलूसच्या बाजूला चौसष्ट-पासष्टच्या साली कुणीही सांगितलं असतं. गुऱ्हाळात रस उकळणाऱ्या काहिलीपुढं तोंडात विडी धरून उभा राहायचा आणि नुसत्या वासावरून म्हणायचा, "उतरा आता." त्या विड्यांनीच घात केला. डाव्या पायाच्या शिरा आतून बंद होत गेल्या, बोटं काळी पडली आणि पोटरीपासून खाली मुंग्या सुरू झाल्या. मांडी घालून बसल्यावर आपल्याला येतात तसल्या नव्हेत. चावणाऱ्या, जळत्या मुंग्या.

वर्षभर माणूस धड झोपला नाही. पाय खाटेखाली सोडून बसायचा, देवाला शिव्या घालायचा, शिव्या संपल्या की रडायचा. एकदा त्यानं ऊसतोडीचा कोयता स्वतःच्याच पायावर उचलला. बायको हरणाबाई आडवी पडली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून घरातली विळीसुद्धा तिनं माझ्याकडं आणून ठेवली. मी त्याचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारा. एवढं होऊनही विडी सुटत नव्हती म्हणून मला त्याचा संताप यायचा, आणि त्याचं कण्हणं ऐकलं की घास उतरायचा नाही.

शेवटी त्याला सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

"काढा की! पायाचं काय घिऊन बसलाय? ह्या मुंग्या जातील न्हवं?"

"पायच राहणार नाही, तर मुंग्या येतील कुठून?"

आकारामनं तिथंच हात जोडले.

त्याला दमा होता, पुरती भूल सोसली नसती. म्हणून मांडीतल्या नसांपाशी सुईनं औषध घालून तेवढा पाय बधिर करायचं ठरलं. ते औषध रक्ताबरोबर लवकर वाहून जातं, म्हणून डॉक्टरांनी त्यात दुसऱ्या औषधाचे थेंब मिसळले. त्यानं आसपासच्या शिरा आवळतात आणि बधिरपणा जास्त टिकतो.

"म्हंजे पाण्याला बांध घातला म्हणा की," आकाराम म्हणाला. डॉक्टर हसले.

डोकं धरायला मला आत घेतलं होतं. डॉक्टर त्याला म्हणाले, "सुई नसेला लागली की पायात मुंग्या येतील. आल्या की सांगायचं."

सुई टोचली न टोचली तोच आकाराम म्हणाला, "आल्या." औषध आत गेलं. थोडं थांबून डॉक्टरांनी चिमट्यानं कातडी धरली, तर हा गुरासारखा ओरडला.

"अहो, मुंग्या आल्या म्हणालात ना?"

"आल्या म्हंजे? वरीस झालं, त्या गेल्यात कवा?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा सुई घेतली. "या नव्या येतील. झटका बसल्यासारखं होईल."

या खेपेला तो खरोखरच उडाला. "आयव! इज पडली!"

मग हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "दादासो, गेल्या रं. सगळ्या गेल्या." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढं करवत चालू होती आणि हा गडी घोरत होता. त्याच्यावरचा सगळा संताप माझ्या मनातून गेला.

बाहेर आणल्यावर हरणाबाई खाटेशी बसली. कुणाला खोकू देईना. नवरा झोपलाय हे बघूनच तिचं पोट भरत होतं.

दिवेलागणीला तो जागा झाला. डॉक्टर बघायला आले तेव्हा घामानं डबडबला होता.

"सायेब, मुंग्या आल्या की सांगा म्हनला हुता."

"हो, त्याचं काय?"

"आल्यात."

"कुठं?"

बँडेजच्या खाली, जिथं नुसती चादर सपाट पडली होती, तिथं त्यानं बोट दाखवलं. "आंगठ्यात. तितनं वर चढाय लागल्यात."

हरणाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग वाकून ती त्या रिकाम्या चादरीवर हात चोळायला लागली.

"खाली, आजून खाली," आकाराम तिला म्हणाला. मग डॉक्टरांकडं वळला. "सायेब, पाय दिला की तुमास्नी. आता काय कापताय?"