अक्का आणि खाडीतले परके शिंपले

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारवाडच्या कोर्टात होतो. पायऱ्या उतरून खाली आलो... तिथं उभ्या असलेल्या अशिलाला मी काय सांगितलं, ते अजून आठवत नाही. सकाळी वाचता वाचता खुर्चीतच प्राण गेला, असं तिची विद्यार्थिनी रेखा सांगत होती. आता सहा आठवडे झाले. रडू ओसरलंय. उरलाय तो अभिमान, आणि तो लपवण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

सुमती अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. विद्यानगरच्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. गोगलगाई आणि शिंपले हा तिचा विषय. त्यातही परमुलखातून येऊन इथल्या पाण्यात ठाण मांडणारे. धारवाडच्या केळगेरी तळ्यातून तिनं एकदा नखाएवढी गोगलगाय आणली. "बघ वसंता, हिचं तोंड डावीकडे आहे. ही इथली नव्हे. कुणीतरी शोभेच्या माशांचं पाणी तळ्यात ओतलं असणार." मी म्हणालो, "असू दे की, एवढीशी तर आहे." ती हसली नाही. "एवढीशी असते म्हणूनच कुणी अडवत नाही," म्हणाली.

पन्नाशी उलटल्यावर तिच्या आयुष्यातलं मोठं काम उभं राहिलं. कारवारजवळच्या एका खाडीत बायका खडकावरची कालवं आणि हिरवे शिंपले काढून विकतात. अक्का तिथं नमुने गोळा करायला गेली, तेव्हा त्यातल्या सावित्रीबाईंनी तिच्या पुढ्यात टोपली ठेवली. कालवांवर काळे, चिंचोळे शिंपले दाटीवाटीनं चिकटले होते. खालची कालवं मेलेली. "हें आमचें न्हंय, बाय," सावित्रीबाई म्हणाल्या. जहाजांच्या बुडाला चिकटून आलेला परका शिंपला, असं अक्काचंही मत पडलं. मत्स्यखात्याच्या बैठकीत मात्र तिथल्या मोठ्या साहेबांनी ते उडवून लावलं. म्हणे, ही आपल्याच हिरव्या शिंपल्याची पिल्लं. अक्का चिडली, आणि तिथल्या तिथं बायकांना सांगून मोकळी झाली, "दिसेल तिथं खरवडून टाका."

पण घरी आल्यावर तिला चैन पडेना. शिंपल्याचं कवच फसवतं. गर्दीत वाढलं की आकार बदलतो, पाण्याप्रमाणे रंग बदलतो. खरी ओळख जनुकांत. ती वाचायचं तंत्र तिला येत नव्हतं. मग बिनपगारी रजा टाकून ती परगावच्या प्रयोगशाळेत, निम्म्या वयाच्या मुलामुलींच्या रांगेत शिकायला बसली. पहिले नमुने तिच्याच हातून खराब झाले. दुसऱ्या खेपेला निकाल लागला. खाडीच्या तोंडाशी सापडलेले शिंपले परके, अक्काचं खरं. वरच्या अंगाला सापडलेले मात्र आपल्याच शिंपल्याची पिल्लं, साहेबांचं खरं. आणि तिच्या शब्दावर बायका दोन्हीकडे खरवडत होत्या.

मी वकील माणूस. म्हटलं, "अक्का, एक पत्र पाठव. चूक होती असं लिहू नकोस, नवी माहिती मिळाली असं लिही."

"माझ्या तोंडच्या शब्दानं त्यांनी आपलंच पीक खरवडलं रे. तोंडानंच सांगायला हवं."

तिला घेऊन मीच गेलो. देवळाच्या कट्ट्यावर बायका बसल्या होत्या. अक्का उभी राहिली. "वरच्या खाडीबद्दल माझं चुकलं. तुमचं नुकसान माझ्यामुळं झालं." एवढंच बोलली. एक बाई संतापून उठून गेली... अक्कानं तिला थांबवलं नाही. सावित्रीबाई म्हणाल्या, "मग आता ओळखायचं कसं, ते सांगा. आमच्याकडे यंत्र नाही." दोन्हीकडचे शिंपले मागवून दोघी तिथंच चाकू घेऊन बसल्या. ओहोटी संपेपर्यंत शिंपले उघडत होत्या. परक्याच्या आतली बाजू जांभळट, आपल्याची मोत्यासारखी पांढरी. ही खूण आधी सावित्रीबाईंच्या नजरेनं टिपली. अक्कानं नंतर प्रयोगशाळेत ती जनुकांशी ताडून पाहिली. जुळली.

पुढे शोधनिबंधात दोघींची नावं लागली. सावित्रीबाईंच्या नावापुढं कुठली संस्था लिहायची, अशी विचारणा आली. अक्कानं त्यांच्या गावाचं नाव लिहून पाठवलं. खाडीच्या तोंडाशी परका शिंपला आजही आहे, पूर्ण जात नाही म्हणतात. वरची खाडी मात्र बायकांनी राखली.

अक्काच्या अस्थी आम्ही त्याच खाडीत सोडल्या. पाण्यातून बाहेर आलो, मंडळी गाडीकडे निघाली, तशी रेखानं पिशवीतून अक्काचा घासायचा ब्रश काढला. एका पाण्याचं बीज आपल्या पायांनी दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, म्हणून अक्का चपला काठावरच घासून घ्यायची. मंत्री असो की विद्यार्थी, सगळ्यांना घासायला लावायची. मी ब्रश घेतला आणि खाली बसून माझ्या चपला घासू लागलो. बरोबर आलेले भटजी थबकले. "हे कुठलं शास्त्र हो, वकीलसाहेब?"

"आमच्या अक्काचं," मी म्हणालो.

त्यांनी खाडीकडे पाहिलं, आणि आपल्या चपला माझ्यापुढं सरकवल्या.