मे महिन्यातला नारळ

साल दोन हजार तेवीस, वय बहात्तर. त्या वर्षी मी कयाक विकत घेतली. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी. माझी प्लॅस्टिकची आहे, आणि तिचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं. मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत जो तो मला हेच ऐकवत होता, जसं काही मलाच ते ठाऊक नव्हतं.

शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तरांच्या कृपेनं. रत्नागिरीकडचं गाव सोडून मी बोटीवर लागलो, इंजिनरूममध्ये, तेल-ग्रीसच्या कामाला. बोटीवर होतो म्हटलं की लोक म्हणतात, वा, जग पाहिलं असेल. काय पाहिलं? पाइप पाहिले. समुद्र लोखंडी पत्र्याच्या पलीकडे असायचा, कान लावला तर ऐकू यायचा. वर यावं तेव्हा बंदर आलेलं असायचं आणि समोर क्रेन. इतकी वर्षं पाण्यावर काढली, पण पाण्याला हात म्हणून लागला नाही. पुढे लंडनला उतरलो, इल्फर्डला संसार मांडला आणि रिटायर होईपर्यंत बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिलो. बायको गेल्यावर मुलगा मला मिल्टन कीन्सला आपल्या घरी घेऊन आला.

मुलगा इथलाच जन्मलेला, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. चांगला आहे. पण आई गेल्यापासून त्यानं माझी नाकेबंदी सुरू केली होती. आधी मिठावर हात ठेवला. मग शिडीवर. मग गाडीच्या किल्लीवर. मला दिलेलं काम एकच, रोज तलावाला एक फेरी मारायची आणि बाकावर बसायचं. त्या बाकांना पितळेच्या पट्ट्या आहेत, अमुक माणसाच्या स्मरणार्थ, त्याला हा तलाव फार आवडायचा. आवडायचा तर बाकावर कशाला बसला होता? मी त्या पट्टीला पाठ टेकून बसायचो आणि मला वाटायचं, आता पुढचा नंबर आपला, पितळ तयारच असेल.

एका सकाळी समोरून एक बाई कयाकमधून गेली. केस पांढरेशुभ्र, माझ्याहून मोठीच असेल. मला पाहून तिनं हात हलवावा तसं वल्हं उचललं. मी घरी आलो आणि रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

"कयाक?" मुलाचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्हाला स्विमिंग येत नाही."

"बोटीवर होतो तेव्हाही येत नव्हतं."

"ते शिप होतं. हंड्रेड्स ऑफ टन्स."

"मग ते बुडलं असतं तर सगळेच गेलो असतो. ही बुडली तर मी एकटा."

सून वाढता वाढता हसली. ती पुण्याची, लग्नानंतर इकडे आलेली. मुलगा हसला नाही. "दॅट्स नॉट फनी," म्हणाला. "मी रोज काय बघतो तुम्हाला माहीत आहे? कोल्ड वॉटर, ओल्ड हार्ट. मी नाही म्हणतोय. फायनल."

फायनल! माझ्या घरात मी कधी फायनल म्हटलं नव्हतं, आणि हा माझ्या ताटासमोर म्हणत होता. मिठाचं मी ऐकलं. किल्लीचं ऐकलं, कारण डोळा खरंच अधू झालाय. पण पाणीही सोडलं असतं तर माझं म्हणून उरलं काय असतं? टीव्हीचा रिमोट.

शनिवारी मुलगा ड्यूटीवर गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, दुकान बघून तर येऊ. बघायला काय जातंय?"

"बघायला नाही, घ्यायला."

"ते मला कळलंच आहे हो. म्हणून गाडीवरचा रॅक काल संध्याकाळीच लावून ठेवलाय."

दुकान एका मोठ्या गोदामात होतं. होड्या भिंतीला रंगीबेरंगी माशांसारख्या टांगलेल्या. तिथल्या बाईनं मला वजन विचारलं, उंची विचारली, कुठे चालवणार विचारलं. तलावात आणि कालव्यात, म्हटलं, लाटा नकोत. मग तिनं एक सुंदर निळी कयाक खाली काढली. आतमध्ये बसायची होती. "बसून बघ, लव्ह," म्हणाली; इथे दुकानातल्या बायका कोणालाही लव्ह म्हणतात. मी कार्पेटवरच तिच्यात शिरलो. पाय पुढे सरकले, गुडघे आत गेले, वरून झाकण यावं तशी कडा मांड्यांवर आली. आणि तिथे, त्या गोदामात, माझ्या नाकात तेलाचा वास आला. गुडघे बाहेर काढता काढता मी सुनेचा खांदा इतक्या जोरात धरला की ती कळवळली.

"बाबा, काय झालं?"

"ही नको. आत बसायचं मी केव्हाच सोडलंय."

दुकानातल्या बाईला मराठी कळण्याचं कारण नव्हतं, पण तिनं काही न विचारता दुसरी पिवळी कयाक काढली. हिला आत नव्हतंच. पाठीवर नुसता खोलगट भाग, त्यात बसायचं, पाय उघडे, सगळं उघडं. थोडी रुंद, थोडी संथ, पण सहसा उलटत नाही आणि पडलात तर परत चढता येतं, बाई म्हणाली. बाकी सामान मग भराभर झालं. वल्हं माझ्या उंचीचं. पाण्यात घालायचे रबरी बूट. कयाक ओढायला दोन चाकांची गाडी. फोनला पाणी न लागणारी पिशवी. रबराचा अख्खा सूट मी अर्धा चढवला आणि तिथेच अडकलो. सुनेनं पाठ फिरवून हसून घेतलं आणि मग तिनं आणि त्या बाईनं दोन बाजूंनी ओढून मला त्यात भरलं. शेवटी फुगीर जाकीट. बाई म्हणाली, "हे तरंगवेल, पण चेहरा वर वळवणार नाही. हातपाय तुलाच मारावे लागतील."

"चालेल," मी म्हटलं. "हातपाय माझेच आहेत."

परत चढायचं कसं तेही तिनं कार्पेटवर पालथं पडून दाखवलं. पाय मागे लांब करायचे, लाथा मारायच्या, पोट होडीवर घ्यायचं, मग कूस बदलायची, मग बसायचं. मी सगळं दोनदा विचारून घेतलं. पैसे माझे होते, मी दिले.

संध्याकाळी मुलानं लॉनवर पिवळी कयाक पाहिली. मला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. फोन काढून त्यात काहीतरी पाहत म्हणाला, "नारळी पौर्णिमा ऑगस्ट एंडला आहे. या वर्षी अधिक महिना. अजून खूप लांब."

त्यानं नेम बरोबर धरला होता. कारण इल्फर्डला असताना हा नियम मीच घरात चालवला होता. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, त्याआधी होडी पाण्यात घालायची नाही. इथेही मी दर वर्षी ट्रेननं समुद्रकाठी जाऊन नारळ देत आलो, आणि त्याआधी ह्याला घोट्यावर पाण्यात जाऊ दिलं नाही. सगळी पोरं डुंबायची आणि हा वाळूत.

"तुमचाच रूल आहे, बाबा," तो म्हणाला. "ऑगस्टनंतर बघू. मग थंडी येते. मग नेक्स्ट इयर."

हुशार आहे. हॉस्पिटलवाले उगाच नाही पगार देत. पण मीही त्याचा बापच. रात्रभर नाही, चहा होईपर्यंतच विचार केला. गावचा समुद्र पावसाळ्यात खवळतो, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं. इथे तलाव खवळायचा तो हिवाळ्यात, तो तर होऊन गेला. मग इथली नारळी पौर्णिमा मे महिन्यातच यायला हवी. ह्या पंचांगवाल्यांना इंग्लंडमधलं काय ठाऊक? मी सुनेला म्हटलं, "नारळ आण. उद्या पौर्णिमा आहे."

"कोण म्हणतं?" मुलगा.

"मी म्हणतो. फायनल."

रविवारी तिघं तलावावर गेलो. सुनेनं कयाकला हळदकुंकू लावलं. मी मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणून नारळ पाण्यात दूर सोडला. तो गटांगळ्या खात निघाला आणि तेवढ्यात मागून एक काळं कुत्रं धावत आलं, पाण्यात उडी मारली, नारळाची शेंडी तोंडात धरली आणि आणून माझ्या रबरी बुटांपुढे ठेवला. त्याचा मालक लांबून "सॉरी! सॉरी!" करत पळत होता. सुनेनं तोंडावर ओढणी धरली. मुलगा म्हणाला, "ॲप्लिकेशन रिजेक्टेड," आणि हसायला लागला. आई गेल्यापासून त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी नारळ परत टाकला. कुत्र्यानं परत आणला. मग मालकानं कुत्रं धरलं आणि तिसऱ्यांदा नारळ गेला.

हसू ओसरल्यावर मुलगा माझ्याजवळ आला. "ओके बाबा. एक कंडिशन. माझ्यासमोर पडा आणि परत चढा. एकट्यानं. जमलं तर मी काही बोलणार नाही. नाही जमलं तर ही बोट विकायची."

"कबूल."

काठापासून थोडं आत गेलो आणि मुद्दाम कलंडलो. पाणी काय थंड! छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं. श्वासच येईना. जाकिटानं डोकं वर आणलं तेव्हा मुलगा बूट-पँटसकट कमरेपर्यंत पाण्यात आला होता, दोन्ही हात पुढे.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. "लावलास तर ते माझं चढणं नव्हे!"

पहिल्या वेळी पोट घसरलं. दुसऱ्या वेळी कयाकच सरकली. मुलगा आणखी एक पाऊल पुढे आला आणि थांबला. थांबायला त्याला किती जड गेलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी पाय लांब केले, म्हाताऱ्या बेडकासारख्या लाथा झाडल्या आणि पोट वर घेतलं. तसाच पालथा पडून राहिलो. मग कूस. मग बसलो. कुंकू धुऊन गेलं होतं, माझे दात वाजत होते, आणि काठावर सून आणि कुत्र्याचा मालक दोघं टाळ्या वाजवत होते.

मुलगा तसाच पाण्यात उभा. "पाणी खूप थंड आहे, बाबा," एवढंच म्हणाला.

"मग बाहेर जा. तुला कोणी बोलावलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच सूटमध्ये शिरलो, कोणाला ओढायला न बोलावता. सून चहा करत होती. चहा पिऊन जा म्हणाली, प्यालो. मुलगा जिन्यावर उभा राहून पाहत होता. त्यानं माझ्या जाकिटाचे पट्टे पाहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. मी कयाक चाकांवर घालून तांबड्या पायवाटेनं, रस्त्याखालच्या बोगद्यातून तलावावर नेली. बाकापाशी न थांबता पाण्यात सोडली, बसलो आणि काठाकाठानं वल्हवत बाकांची अख्खी रांग मागे टाकली. मग वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घालून बसलो.