एका बंगल्यात एकच ओटा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या प्लॉटांना एक अट होती : एका प्लॉटवर एक बंगला आणि एका बंगल्यात एकच कुटुंब. कुटुंब म्हणजे काय, तेही नियमावलीत लिहिलेलं होतं. स्वयंपाकघर एक तर कुटुंब एक. रक्ताच्या नात्याचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता!

आमच्याकडे स्वयंपाकघरं दोन. आई पुण्याच्या शाकाहारी घरातली, काकू मालवणची. आईला मासळीचा वास सोसवत नसे आणि काकूला मासळीशिवाय घास उतरत नसे. म्हणून नकाशात जिथे ‘अभ्यासाची खोली’ होती, तिथे वरच्या मजल्यावर काकांनी गुपचूप काकूसाठी ओटा बांधून घेतला. टीव्ही नुकताच रंगीत झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

सोसायटीचे सेक्रेटरी रविवारी पाहणीला येणार, असा निरोप आला. कुटुंबं दोन ठरली तर नळजोडणीचं पत्र अडणार. मग एका भावाला घर सोडावं लागणार. काका धाकटे, ते म्हणाले, “आम्ही कांदिवलीला जागा बघतो.” मी दहा वर्षांची होते, ऐकून भोकाड पसरलं. आईच्या नकळत मला बांगडा खाऊ घालणारी काकू गेली असती तर माझं कसं व्हायचं?

काकांनीच युक्ती काढली. शेगडी पलंगाखाली, ओट्यावर चादर आणि चादरीवर खालचे देव. झालं देवघर! फक्त रविवारी सकाळी दारात कोळीण येते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. काकूला ताजे बांगडे सोडवेनात. तिने पलंगाखालची शेगडी ओढून ते पहाटपूजेसारखे घाईत तळून उरकले आणि वर उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला.

सेक्रेटरी वरच्या खोलीच्या दारातच थबकले. “गणपतीला बांगड्याचा नैवेद्य?”

काकू घाबरून म्हणाली, “आमच्या गावच्या राखणदार देवाक चलता ओ!”

मला हसू आवरेना आणि रडूही.

आई पुढे झाली. “कुटुंब एकच आहे. हा ओटा आज फोडतो. ही खाली माझ्याकडे रांधेल.”

“मासेसुद्धा?”

आईने पदर खोचला. “मासेसुद्धा.”

काकूने सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं. सेक्रेटरींनी ‘कुटुंब एक’ असं लिहिलं आणि सोलकढी पिऊन गेले. पहिले काही महिने काकू मासे तळायला लागली की आई नाकाला पदर लावून अंगणात जाऊन बसे. पुढे अंगणातूनच ओरडू लागली, “अगं, करपतायत ते!”

काही वर्षांनी सोसायटीने अट सैल केली. काका उत्साहाने मोजायची टेप घेऊन वर निघाले, तर आईने त्यांना जिन्यातच अडवलं.

“कशाला हवाय वर ओटा? आणि मी एकटीने खाली काय करू?”